खबर आणि तिची सनद

कुंडलच्या शेजारी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिथल्या कारखान्यात लोखंडी नांगर बनत. १९२० पासून तिथूनच 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. संपादक शं. वा. किर्लोस्कर. कारखान्याच्या बातम्यांसाठी निघालेले हे पत्र पुढे चित्रे, विज्ञान, विनोद आणि नवे विचार घरोघरी नेणारे मासिक झाले. नावातली 'खबर' नंतर गळाली, 'किर्लोस्कर' उरले.

खबर हा शब्द मूळचा अरबी. हदीसच्या अभ्यासात खबर एकटी येत नाही. ती कोणी कोणाकडून ऐकली याची साखळी, म्हणजे सनद, सोबत लागते. साखळीतला दुवा कच्चा, तर खबरही कच्ची.

आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक मासिक आहे आणि आपणच त्याचे संपादक. चित्र पाठवतो, चित्रकाराचे नाव कापून. संशोधन पाठवतो, कोणी केले ते न पाहता. हीच सवय लागली, की एखाद्या मोहल्ल्याबद्दलची अफवाही सहज पुढे जाते. तीही बिनसनदीचीच असते.

चांगले दिसले तर जरूर वाटा. फक्त सोबत एक ओळ लिहा: कोणाचे, कुठून घेतले. ती ओळ लिहिता येत नसेल, तर बोट आवरा.