पाकाची तार आणि चिपचा कारखाना

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हापासून आपल्याकडील चर्चा मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली : कारखाना कोणत्या राज्यात जाणार आणि पैसा किती लागणार? सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला, तेव्हा महाराष्ट्रात रान उठले. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने अंग काढून घेतले आणि ती भागीदारी मोडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा आणि तैवानची पीएसएमसी यांच्या धोलेरा येथील ९१ हजार कोटींच्या कारखान्याला मंजुरी मिळाली. जागा आणि पैसा यांच्याइतकाच महत्त्वाचा तिसरा प्रश्न मात्र मागेच राहिला. चिप बनवण्याची हातोटी आपल्याकडे कशी येणार?

ही हातोटी म्हणजे काय, हे समजण्यासाठी चिप घडताना येणारा एकच छोटा टप्पा पाहू. सिलिकॉनच्या चकतीवर कोट्यवधी ट्रान्झिस्टर घडवले जातात. ते तारांनी जोडायचे, तर सांध्याच्या जागी विजेला कमीत कमी अडथळा हवा. त्यासाठी चकतीवर निकेलचा सुमारे दहा नॅनोमीटर जाडीचा थर देतात. डोक्याच्या एका केसाचे उभे सात-आठ हजार पापुद्रे काढले, तर एकेक पापुद्रा साधारण एवढा जाड भरेल. मग ही चकती प्रखर दिव्यांखाली काही सेकंदांत तापवतात. निकेल वितळत नाही. खालच्या सिलिकॉनशी त्याचा संयोग होऊन निकेल सिलिसाइड तयार होते.

साखरेचा पाक करणाऱ्या प्रत्येक गृहिणीला इथली अडचण लगेच उमजेल. साखर तीच, पाणी तेच. पण एकतारी, दोनतारी आणि गोळीबंद पाक वेगवेगळे. तसेच इथे आहे. तीनशे अंशांच्या आसपास निकेल अधिक असलेले संयुग बनते. चारशे-पाचशे अंशांना निकेल आणि सिलिकॉन समप्रमाणात येतात. कारखान्याला हवा असतो तो हाच पाक. तापमान सातशेच्या पुढे गेले की विजेला अधिक अडवणारे तिसरेच संयुग तयार होते. त्याच्या आधीच हा पातळ थर फाटू लागतो आणि तेलकट ताटावरच्या पाण्यासारखा थेंबाथेंबांत गोळा होतो. बिघडलेला पाक पाणी घालून सैल करता येतो. इथे तशी सोय नाही.

मग सावकाश, बेताबेताने का तापवत नाहीत? कारण सिलिकॉनमध्ये बोरॉन, फॉस्फरस यांचे अणू आधीच नेमक्या जागी रुजवलेले असतात. उष्णता रेंगाळली की ते भटकू लागतात. पापड निखाऱ्यावर धरून झटकन उचलावा, तसाच हा प्रकार आहे.

प्रगत देशांनाही ही विद्या सहज मिळालेली नाही. १९९० च्या दशकात निकेलच्या जागी टायटॅनियम वापरत. त्याचे संयुग आधी अधिक रोध असलेल्या रूपात येई आणि आणखी तापवल्यावर कमी रोधाच्या रूपात बदले. पण हा बदल विरजणासारखा कुठेतरी सुरू व्हावा लागतो. रेषा अरुंद होत गेल्या, तसे विरजण पडायला जागाच मिळेना. म्हणून कोबाल्ट आले, त्यानंतर निकेल. निकेलचा थर उष्णतेत टिकेना, तेव्हा त्यात थोडे प्लॅटिनम मिसळण्याचा उपाय सापडला. यामागे अनेक वर्षांचे प्रयोग आणि वाया गेलेल्या असंख्य चकत्या आहेत.

धोलेऱ्यात २८ नॅनोमीटरपर्यंतच्या चिप बनवण्याचे ठरले आहे. या पिढीत निकेल-प्लॅटिनमचा असा थर वापरण्याचा प्रघात आहे. तैवानकडून कृती मिळेल, यंत्रेही विकत मिळतील. पण दिवे जुने झाले, चकतीच्या कडेला मध्यापेक्षा उष्णता कमी पोचली, तर दोष कुठे आहे हे कृतीच्या कागदावर लिहिलेले नसते. ते ओळखणारी माणसे लागतात.

मोहालीच्या सेमीकंडक्टर कारखान्याचा अनुभव इथे आठवावा. १९८० च्या दशकात त्याने उत्पादन सुरू केले होते. १९८९ च्या आगीत तो जळाला आणि पुन्हा उभा राहायला अनेक वर्षे गेली. इमारत आणि यंत्रे परत आली, पण दरम्यान जग पुढे निघून गेले होते. या क्षेत्रात खंड पडला की किंमत मोजावी लागते, हा त्याचा अर्थ आहे.

म्हणूनच अनुदानाचा हिशेब एकरांत आणि कोटींत मांडून भागणार नाही. धोलेऱ्याच्या प्रकल्पाचा निम्मा खर्च केंद्राच्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या खिशातून, उचलायचा आहे. त्या बदल्यात किती भारतीय अभियंत्यांना आणि तंत्रज्ञांना प्रत्यक्ष भट्टीपाशी उभे राहून शिकायला मिळाले, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. मुंबईची आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथे अशा थरांवर प्रयोग करण्याच्या सोयी आहेत. त्यांची आणि कारखान्यांची सांगड घातली, चुका करायला आणि त्यातून शिकायला वेळ दिला, तर हा पैसा सार्थकी लागेल. कारखाना शेजारच्या राज्यात गेला याची खंत महाराष्ट्राने जरूर करावी. पण तिथे लागणारी माणसे घडवण्यापासून आपल्याला कोणी अडवलेले नाही.