अंगठ्याआधीचा प्रश्न

वैद्यकीय संशोधनात रुग्णाचा सहभाग म्हणजे आपल्याकडे अजूनही संमतीपत्रावरची सही, नाहीतर अंगठा. कोणता प्रश्न अभ्यासायचा, औषधाचा त्रास झाला तर पुढे किती वर्षं कोण बघणार, हे सगळं तोवर ठरून गेलेलं असतं. यात माणसावर अन्याय होतोच, पण संशोधनही कच्चं राहतं. आणि त्याचा दाखला सांगलीतच आहे. १९९२मध्ये ‘संग्राम’ संस्थेनं इथल्या वस्त्यांमध्ये एचआयव्ही रोखण्याचं काम सुरू केलं, तेव्हा देशभर धंदा करणाऱ्या बायांकडे ‘जोखमीचा गट’ म्हणूनच पाहिलं जाई. कंडोमवाटप त्यांच्याच हाती आलं, तसं स्पष्ट झालं की अडचण अज्ञानाची कमी आणि गिऱ्हाईक, गुंड, पोलीस यांच्यापुढे ‘नाही’ म्हणता न येण्याची जास्त होती. १९९६मध्ये त्यांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली आणि काम सांगलीबरोबर सातारा, कोल्हापूर, निपाणीपर्यंत पोचलं. पुढे २०१८मध्ये छापे आणि ‘सुटका’ यांवरचा अभ्यास त्यांनी प्रसिद्ध केला. त्यात छाप्यांत पकडलेल्या २४३ स्त्रियांपैकी १९३ जणींनी आपण स्वेच्छेनं या धंद्यात असल्याचं सांगितलं होतं. बाहेरच्या सर्वेवाल्याला हे उत्तर मिळालं असतं का? मला शंका आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ज्यांचा स्वार्थ गुंतला आहे त्यांनीच अभ्यास केला, तर निष्कर्ष हवा तसाच येणार. आक्षेप रास्त आहे, पण तो एकाच बाजूला लावता येत नाही. औषध कंपनीचा नफा, प्राध्यापकाची बढती, संस्थेचं अनुदान हेही स्वार्थच. त्यांना आवर घालायला आपण पद्धत उघडी ठेवतो, आकडे इतरांना तपासू देतो. तोच नियम वस्तीतल्या बायांना लावावा, एवढं पुरे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: लोकांना विचारत बसलं तर विज्ञान अडतं. इथे कंबोडियाचं उदाहरण हमखास दिलं जातं. तिथे एचआयव्ही टाळण्यासाठी टेनोफोविर गोळीची चाचणी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर होणार होती. दुष्परिणामांसाठी दीर्घ मुदतीचा आरोग्य विमा त्यांच्या संघटनेनं मागितला, वाद चिघळला आणि ऑगस्ट २००४मध्ये सरकारनं चाचणीच थांबवली. पुढे हे औषध असलेल्या गोळ्या उपयोगी असल्याचं इतर चाचण्यांत सिद्ध झालं, म्हणजे नुकसान खरंच झालं. पण ते विचारल्यामुळे झालं की उशिरा विचारल्यामुळे? विम्याची मागणी आराखडा करतानाच टेबलावर आली असती, तर तो खर्चाचा एक रकाना झाला असता. हा धडा जगानं घेतला: २००७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमानं, एव्हॅक या संस्थेबरोबर, अशा चाचण्यांत लोकसहभाग कसा असावा याची मार्गदर्शक तत्त्वं काढली.

आपल्याकडे २०१९च्या औषध चाचणी नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात आणि त्यात एक सामान्य व्यक्ती हवीच. कागदावर हे चांगलं आहे. पण ही सामान्य व्यक्ती त्या आजाराची रुग्ण असलीच पाहिजे, असं नियम म्हणत नाही. निवृत्त मुख्याध्यापकानंही जागा भरते. शिवाय समितीपुढे आराखडा येतो तो तयार होऊन. आकडेशास्त्र रुग्णाला कळत नाही, हे खरं. समितीतल्या वकिलालाही ते कळत नाही, पण त्याला कुणी त्यासाठी वगळत नाही. पुन्हा तपासणीची तारीख ऊसतोडीच्या किंवा सौंदत्तीच्या यात्रेच्या दिवसांत आली तर निम्मी माणसं गळतील, हे मात्र सहभागी होणाराच सांगू शकतो. मिरज, कऱ्हाड आणि साताऱ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी नव्या अभ्यासाचा आराखडा लिहायच्या आधी त्या आजाराच्या दोन-तीन रुग्णांना बोलवावं, त्यांची बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं अंदाजपत्रकातून द्यावं, आणि त्यांच्या सूचनेनं काय बदललं ते समितीला लेखी कळवावं. याला नव्या कायद्याची गरज नाही.