पितळेची छोटी लाईन

जपान-कोरियात पितळेचा पत्रा कापून, डाख देऊन आगगाडीचे हुबेहूब नमुने हाताने जोडतात. नमुने मोजकेच निघतात, म्हणून किंमत कामगाराच्या आवाक्याबाहेर. तरी हा छंद श्रीमंतांचाच, हे आम्हाला मान्य नाही.

कुडव्याशेजारच्या गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला आपली छोटी लाईन जायची. तिचा बालाघाट-जबलपूर तुकडा २०१५ साली बंद झाला. रूळांतले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. नमुन्यांचे एक नेहमीचे प्रमाण ८७ ला १. मुलांनो, भागून पाहा : जवळजवळ पावणेनऊ. आणि ९ मिलिमीटरचे खेळण्यातले रूळ तयारच मिळतात! मोठ्या लाईनीला सव्वाएकोणीस लागतात, मिळतात साडेसोळाचे. ती बिचारी आखडूनच धावते.

पितळ तर घरचेच. भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला, आणि १९९९ पर्यंत आपण त्याच जिल्ह्यात होतो.

आधी पुठ्ठ्याचा एकच डबा करा. इंजिन नीट न्याहाळायला नागपूरचे मोतीबाग रेल्वे संग्रहालय आहे. मात्र घरात कुणी आजोबा त्या लाईनीवर गँगमन, खलाशी असतील तर त्यांना अगोदर विचारा. कोळसा कुठे भरायचे, कंदील कुठे टांगायचे, हे त्यांच्या तोंडूनच वहीत उतरवून घ्या.