पैशाला जात नसते? मग इंडियानोलाचं दुकान बघा

‘पैशाला जात नसते.’ हे वाक्य आजकाल आपल्या वस्तीतसुद्धा फिरायला लागलंय. आधी शेठजी बोलायचे, आता आपल्यातले शिकलेसवरलेले बोलतात. १९९१ नंतर बाजार मोकळा झाला, आता बाजारच जात मोडील, चळवळ-बिळवळ कशाला, धंदा करा, खिसा गरम ठेवा, मग आडनाव कोण विचारतो — असं हे तत्त्वज्ञान. मोबाइलवर बोट दाबलं की बूट घरी येतो. बूट पाठवणारी कंपनी जात विचारीत नाही. झाली समता! वाजवा टाळ्या!

मला या लोकांशी भांडायचंय. पण भांडण हवेत नको, पुराव्यानिशी हवं. म्हणून तुम्हाला अमेरिकेतल्या एका गावात नेतो. अमेरिका आपल्याला परकी नाही. जोतीबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मोकळं करणाऱ्या तिथल्या भल्या माणसांना. १९७२ साली आपल्या पोरांनी ‘पँथर’ हे नाव उचललं ते तिथल्या काळ्या पोरांकडून. त्यांची आरोळी आपल्या ओळखीची आहे. आज त्यांची किराणाची यादी बघू.

गाव इंडियानोला. राज्य मिसिसिपी, काउंटी सनफ्लॉवर. गाळाची सपाट जमीन आणि नजर जाईल तिथवर कापूस. गावातनं रेल्वेचे रूळ गेलेले. रुळाच्या एका अंगाला गोरे, दुसऱ्या अंगाला काळे. पक्के रस्ते आणि गटारं कुठल्या अंगाला, ते तुम्हाला सांगायला नको. १९३० नंतरच्या मंदीत दोन अभ्यासक इथं येऊन राहिले — हॉर्टेन्स पाउडरमेकर ही बाई आणि जॉन डॉलर्ड. दोघंही गोरे, बाहेरगावचे. डॉलर्डचं पुस्तक १९३७ साली निघालं. गावाचं खरं नाव त्यानं झाकलं, पण पुस्तकाच्या नावात पहिलाच शब्द उघडा टाकला — ‘कास्ट’. जात! बाबासाहेबांचं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ चं. मधे एका वर्षाचं अंतर. ‘वंश’, ‘रंग’ हे शब्द हाताशी असताना त्या माणसाला जात हाच शब्द लागला. कारण धंदा, बेटीव्यवहार, जेवणाची पंगत आणि दुकानातला नंबर, चारी ठिकाणी जन्माचाच हुकूम चालत होता.

शनिवार हा काळ्यांच्या बाजाराचा दिवस. आठवडाभर कापसात मोडलेली माणसं बायकापोरं घेऊन गावात यायची. रस्ता फुलून जायचा. गाठीभेटी, निरोप, सोयरिकीची बोलणी, चर्चमधली भांडणं, हसणंखिदळणं. गरिबाचा बाजार म्हंजे नुसती खरेदी नसते, ती त्याची सभा असते. पण दुकानाचा उंबरा ओलांडला की सभा संपली.

दक्षिणेतल्या गावागावांतल्या दुकानांचा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण शेंबड्या पोराला पाठ होता. गोरं गिऱ्हाईक आलं की काळ्यानं मागं सरायचं, मग तो अर्धा तास आधी आलेला का असेना. हॅट डोक्यावर घालून बघायची नाही. कपडा अंगाला लावून बघायचा नाही. बूट पाहिजे? कागदावर पावलाची रेघ मारून आण, त्यावरनं देतो. आणि हाक? ‘मिस्टर’ नाही, ‘मिसेस’ नाही. पन्नाशीच्या बापयाला ‘बॉय’, म्हातारा झाला की ‘अंकल’. बाईला नुसतं नाव, नाहीतर ‘आँटी’. आपल्याकडं काका, मावशी म्हणतात ते मानानं. तिथं ‘अंकल’ म्हणायचं ते ‘मिस्टर’ म्हणावं लागू नये म्हणून. नात्याचा शब्दसुद्धा सालं चाबकासारखा वापरला!

डोक्याचा विटाळ, पायाचा विटाळ, नावाचा विटाळ. पण त्याच हातानं पुढं केलेल्या डॉलरचा विटाळ नाही. ज्यांच्या आज्यांनी वरून टाकलेलं मीठ पदरात झेललं, त्यांना यातलं काही फोडून सांगायची गरज नाही.

आता पुढचा प्रश्न. हा डॉलर तरी काळ्याच्या हातात किती दिवस असायचा? बहुतेक काळी कुटुंबं बटईनं कापूस करायची. जमीन मळेवाल्याची, बैल-खेचरं बहुतेकदा त्याचीच, घाम यांचा. मार्चपासून उन्हाळा संपेपर्यंत मळेवाला उचल द्यायचा. ती पुष्कळदा रोकड नसायची. त्याच्याच दुकानातला माल, किंवा त्याच्याच दुकानात चालणारी टोकनं. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा, आणि त्यावर व्याज. वही मळेवाल्याकडं. वर्षाअखेर हिशेब व्हायचा तोही तोच सांगायचा. ‘तुझं येणं इतकं, देणं तितकं, पुढच्या सालाला इतकं बाकी.’ वही दाखव म्हणणारा काळा माणूस म्हंजे गोऱ्याला खोटं पाडणारा काळा माणूस. आणि गोऱ्याला खोटं पाडलं तर जिवाची खात्री नाही. म्हणून माणसं मान हलवून घरी जायची. आपल्याकडं सालगड्याची उचल ज्याला ठाऊक आहे, त्याला हा हिशेब तोंडपाठ आहे.

त्या उचलीतून घरात काय यायचं? मक्याचं पीठ, खारवलेल्या डुकराची चरबी, काकवी. पुन्हा पीठ, चरबी, काकवी. कापूस घराच्या भिंतीपर्यंत पेरलेला, भाजीला जागा कुठं? मग यायचा पेलाग्रा. कातडी सोलायची, जुलाब लागायचे, डोकं फिरायचं, माणूस मरायचा. लोक म्हणत, जंतू आहे. जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या सरकारी डॉक्टरानं १९१५ साली मिसिसिपीतच, रँकिनच्या तुरुंगाच्या शेतावर, धडधाकट गोऱ्या कैद्यांना असल्याच जेवणावर ठेवून दाखवलं की हा रोग ताटातला आहे. दूध, मांस, भाजी द्या, रोग जातो. गरीब गोरेही या रोगानं मेले. म्हंजे उधारीच्या वहीनं आधी ताट ठरवलं आणि ताटानं मरण. याला बाजार म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

मधल्या पायरीवर चिनी वाणी होता. डेल्टाच्या त्या मुलखात चिनी लोकांनी काळ्यांच्या वस्तीत किराणा दुकानं टाकली, दुकानामागंच राहायचे. गोऱ्या दुकानापेक्षा तिथं काळ्याला जरा मोकळं वाटायचं. पण रोझडेलच्या गाँग लम या चिनी दुकानदाराच्या पोरीला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं, तेव्हा तो कोर्टात गेला. त्याचं म्हणणं काय? शाळा वेगळ्या करणं अन्याय आहे, असं नाही. आमची पोर ‘रंगीत’ नाही, तिला काळ्यांत टाकू नका! १९२७ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला : गोरी नाही ना, मग जा काळ्यांच्या शाळेत. त्याच १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. एकजण शिडीवर एक पायरी वर मागत होता; दुसरा शिडीच काढा म्हणत होता. श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती ही. तिला समुद्र ओलांडायला बोट लागत नाही.

आता बाजारवाल्यांची बाजू. त्यांचं एक म्हणणं खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. त्या काळात शिकागोच्या सीअर्स-रोबक कंपनीचा जाडजूड कॅटलॉग खेड्यापाड्यांत पोचला. १९०२ पासून खेड्यातल्या घरपोच टपालाची सोय कायम झाली, १९१३ च्या १ जानेवारीपासून पार्सल पोस्ट आलं. काळ्या बाईनं चित्र बघायचं, माप लिहायचं, पैसे धाडायचे. भाव सगळ्यांना सारखा, आणि कोणी ‘आँटी’ म्हणत नाही. गावोगावचे दुकानदार असे भडकले, की कॅटलॉग गोळा करून त्यांच्या होळ्या केल्या. सीअर्स आणि रोबक हे दोघंही काळे आहेत अशी अफवा उठवली! माल वाईट आहे हे सिद्ध करता येईना, तेव्हा मालकालाच बाटवला. त्या कंपनीचा पुढचा मालक ज्युलियस रोझेनवाल्ड. त्याच्या पैशाच्या मदतीनं १९३२ पर्यंत दक्षिणेत काळ्या पोरांसाठी जवळजवळ ५००० शाळा उभ्या राहिल्या. त्या शाळांसाठी त्याच्यापेक्षा जास्त पैसा काळ्या लोकांनी स्वतःच्या फाटक्या खिशातून घातला, हेही सोबत लक्षात ठेवा.

तेव्हा कॅटलॉगला मी हिणवत नाही. ज्याला रोज अपमान गिळावा लागतो त्याला एक दिवस तो न गिळता बूट मिळाला, ही लहान गोष्ट नाही. पण कॅटलॉगनं अपमानाला वळसा घातला. दुकान जागेवरच राहिलं, शनिवार जागेवरच राहिला. मी गोदीत माल उचलतो. खोक्यावर धाडणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं असतं. मधल्या हातांचं नसतं. आणि कॅटलॉगचं खोकं ज्या हातांतून यायचं तो हात काळा निघाला तर काय होतं, हे याच इंडियानोलानं दाखवलंय.

गावची पोस्टमास्तर मिनी कॉक्स नावाची काळी, शिकलेली बाई होती. काम चोख. पेटीचं भाडं थकलेल्या गिऱ्हाइकांचे पैसे पदरचे भरायची. लोकांना पोस्टात खेप पडू नये म्हणून स्वखर्चानं टेलिफोन बसवला. १९०२ साली जेम्स वार्डमन नावाच्या पेपरवाल्या पुढाऱ्यानं आग लावली : काळ्या बाईच्या हातून टपाल घेता, लाज नाही वाटत? सभा झाल्या, धमक्या आल्या, बाईनं राजीनामा दिला. प्रेसिडेंट रूझवेल्टनं तो घेतला नाही. २ जानेवारी १९०३ ला पोस्टच बंद केलं. टपाल ग्रीनव्हिलला वळवलं. बाईला गाव सोडावं लागलं. व्यापारी गाव, कापसाचे सौदे, बँका, आणि पोस्ट नाही! गोऱ्यांनी हा तोटा सोसला. आणि वार्डमन त्याच वर्षी गव्हर्नर म्हणून निवडून आला.

बाजारवाल्यांनो, याचं उत्तर द्या. तुमचं शास्त्र सांगतं, नफ्यापुढं जात टिकत नाही. इथं अख्ख्या गावानं नफ्याला लाथ मारली आणि जात टिकवली. मिनी कॉक्स पुढं परत आली. तिनं आणि नवऱ्यानं याच गावात काळ्यांची बँक काढली, डेल्टा पेनी सेव्हिंग्ज. आज तिथल्या पोस्टाच्या इमारतीला तिचं नाव आहे.

मग दुकानाचा कायदा मोडला कशानं? १९०० ते १९०६ मधे दक्षिणेतल्या पंचवीसहून अधिक शहरांत काळ्यांनी वेगळ्या बाकड्यांच्या ट्रामवर बहिष्कार टाकला. बहुतेक ठिकाणी हरले. पण हत्यार हाती आलं. गोऱ्यांनीही त्यातून शिकवणी घेतली. शाळा एकत्र करायचा निकाल १९५४ च्या मे महिन्यात लागला आणि जुलैत याच इंडियानोलात ‘सिटिझन्स कौन्सिल’ जन्मली — कोटटायवाल्यांची. त्यांचं हत्यार? उधारी बंद, कर्ज परत मागा, नोकरीवरून काढा, खोपटातून हाकला. त्या वहीनंच गळा दाबायचा! आपल्याकडच्या स्टार्ट कमिटीचा १९३० चा अहवाल काढा. बाबासाहेब तिच्यावर होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांना वाण्यानं जिन्नस विकू नये, असा गावाचा हुकूम सुटतो, हे त्यात लिहिलंय. आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा झाला २०१६ साली. शहाऐंशी वर्षं!

१९६० च्या १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरोत चार विद्यार्थ्यांनी वुलवर्थच्या दुकानात आधी टूथपेस्टसारखा किरकोळ माल घेतला, पावती घेतली, मग त्याच दुकानात खाण्याच्या टेबलावर बसून कॉफी मागितली. त्या गल्ल्यावर पैसे घेतलेत, या टेबलावर का नाही? एका पावतीनं साऱ्या दक्षिणेचं ढोंग उघडं केलं. आणि १९६२ च्या डिसेंबरात मिसिसिपीच्या जॅक्सन शहरात दुकानांवर बहिष्कार पुकारला तेव्हाच्या मागण्या वाचा. नोकऱ्यांत समानता. पाण्याचे वेगळे नळ बंद. आधी येईल त्याला आधी माल. आणि आम्हाला मिस्टर, मिसेस, मिस म्हणा. शनिवारच्या दुकानातला एकेक अपमान मागणी होऊन रस्त्यावर आला. त्या लढ्याचा पुढारी मेडगर एव्हर्स, जून १९६३ मधे त्याच्या घराच्या दारात गोळी घालून मारला. ‘मिस्टर’ या एका शब्दाची किंमत इतकी होती. ती पैशात भरता आली नसती.

तेव्हा दोस्तांनो, धंदा करा. दुकान टाका, टेंपो घ्या, मोबाइलवरनं बूट मागवा, नवे मागवा, चांगले मागवा. त्याला कोणाची ना नाही. पण खिशातल्या नोटेला समता समजू नका. गिऱ्हाईक म्हणून मिळालेला मान नोट संपेपर्यंत असतो. दुकानात, बँकेत, कंपनीत, पतपेढीत शिराल तिथं दोन गोष्टी बघा : वही कुणाच्या हातात आहे, आणि आपल्या बायाबापड्यांना हाक कशी मारतात. वही त्यांचीच असेल तर आपली काढा. हाक वाकडी असेल तर सगळे मिळून खरेदी बंद करा, आणि मागणीचा कागद लिहून त्यांच्या दारावर डकवा.

पैशाला जात नसते, कबूल. पण पैसा तोंड उघडत नाही. तोंड दुकानदार उघडतो.