भ्रूणाची तपासणी: आधी प्रश्न तर सांगा!

रमजान ईदनंतरच्या रविवारी माझी भाची भेटायला आली. शीरखुर्म्याची वाटी तशीच ठेवून तिने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. म्हणाली, "खाला, यावर सही केलीय मी. पण काय लिहिलंय ते कळलं नाही. तू वाचून सांग ना."

तिचं वय २८. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, म्हणून एका मोठ्या शहरात टेस्ट ट्यूब बेबीचा इलाज सुरू आहे. कागद सगळे इंग्रजीत. त्यात 'पीजीटी-ए' नावाची तपासणी होती आणि प्रत्येक भ्रूणामागे वेगळा आकार लावला होता. तिला सांगितलं गेलं होतं, "ही केली की बाळ शंभर टक्के निरोगी." त्यासाठी तिने दोन बांगड्या गहाण ठेवल्या होत्या.

मी विचारलं, घराण्यात काही आजार आहे? नाही. कधी गर्भपात झाला? नाही. मग ही तपासणी कशासाठी? "सगळ्यांनाच करायला सांगतात, खाला."

या 'सगळ्यांनाच'विरुद्ध मला लिहायचं आहे.

आधी हे स्पष्ट करते की तपासणीला माझा विरोध नाही. नवरा-बायको दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. थॅलेसेमिया मेजर झालेल्या लेकराला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. अशा घरात प्रयोगशाळेतले भ्रूण तपासून आजार नसलेला भ्रूण गर्भाशयात ठेवता येतो. १९९० मध्ये लंडनमध्ये अॅलन हँडीसाइड यांच्या पथकाने ही वाट उघडली, तीही मुलग्यांना गंभीर आनुवंशिक आजार होण्याची भीती असलेल्या घरांसाठी. तिथे प्रश्न ठरलेला होता: हा आजार या भ्रूणात आहे की नाही?

"हे अल्लाहच्या कामात ढवळाढवळ आहे," असं म्हणणारे भाईजान आपल्यात आहेत. त्यांना आठवण करून देते की नवरा-बायकोच्याच बीजांपासून होणाऱ्या टेस्ट ट्यूब बेबीला अल-अझहरने १९८० मध्येच परवानगी दिली होती. उंट आधी बांधावा, मग तवक्कुल करावा, हे आपण मुलांना शिकवतो. मग इलाजाच्या वेळी ते का विसरतो?

पीजीटी-ए मात्र वेगळी. ती घराण्यातला एखादा ठरावीक आजार शोधत नाही, भ्रूणातली गुणसूत्रं मोजते. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून चार-पाच पेशी काढतात. त्या थरापासून पुढे वार बनते, बाळ नव्हे. शिवाय एकाच भ्रूणात काही पेशी ठीक आणि काही बिघडलेल्या असू शकतात. २०१५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी असे १८ मिश्र भ्रूण स्त्रियांच्या संमतीने गर्भाशयात ठेवले, त्यांतून सहा निरोगी बाळं जन्मली. नापास ठरवून फेकले असते, तर ती सहा लेकरं जगात आली नसती.

'शंभर टक्के' म्हणणाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला चीनमधला अभ्यासही वाचावा. २० ते ३७ वयाच्या १,२१२ स्त्रियांपैकी अर्ध्यांचे भ्रूण पीजीटी-ए करून ठेवले, अर्ध्यांचे न करता. तपासणीवाल्या गटात ७७.२ टक्के स्त्रियांना बाळ झालं, दुसऱ्या गटात ८१.८ टक्के. म्हणजे खर्च वाढला, बाळं वाढली नाहीत. तपासणीवाल्या गटात गर्भपात थोडे कमी झाले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. म्हणूनच वारंवार गर्भपात झालेल्या बाईशी डॉक्टरांनी याबद्दल जरूर बोलावं. पण बोलावं, बिलात परस्पर घालू नये. बाळ होण्याची शक्यता वाढवण्याच्या बाबतीत ब्रिटनच्या नियामक संस्थेने बहुतेक रुग्णांसाठी या तपासणीला लाल शेरा दिला आहे. आपल्याकडचा २०२१ चा कायदाही अशी तपासणी मुख्यतः माहीत असलेल्या, आनुवंशिक आजारांसाठी आहे असंच सांगतो. 'सगळ्यांनाच' हा शब्द त्यात नाही.

आता आपल्या घरातलं. भाचीच्या सासूबाईंनी हळूच विचारलं होतं म्हणे, "मग मुलगा आहे का, तेही कळेल ना?" कळू शकतं, त्याच पेशींतून. पण ते सांगणं आणि त्यावरून भ्रूण निवडणं गुन्हा आहे. लिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. आणि जिवंत गाडलेल्या मुलीला कयामतच्या दिवशी विचारलं जाईल की तुझा गुन्हा काय होता, हे ज्या कुराणात आहे ते आपण घराघरांत पढतो. पढणाऱ्यांनीच हा प्रश्न विचारावा?

खरा प्रश्न विचारण्याची वेळ असते निकाहच्या आधी, आणि तेव्हा आपण गप्प बसतो. चुलत-मामे भावंडांत लग्नं आपल्यात सर्रास होतात आणि त्यात असे आजार होण्याची शक्यता वाढते. वाहक ओळखायला रक्ताची साधी तपासणी पुरते. इराणने १९९७ पासून, सौदी अरेबियाने २००४ पासून थॅलेसेमियासाठी लग्नाआधीची तपासणी सक्तीची केली. आपल्या जमाती हॉल, दावत, मेहर सगळं ठरवतात. रक्ताचा अहवाल मागायची मात्र लाज वाटते. मग निपुत्रिक बाईची भीती विकायला दुकानं उघडली तर दोष एकट्या दुकानदाराचा कसा?

मी भाचीला मराठीत तीन प्रश्न लिहून दिले. कोणता आजार शोधताय? माझ्या वयात याने बाळ होण्याची शक्यता किती वाढते? नापास ठरलेल्या भ्रूणाचं काय करणार? पुढच्या भेटीत तिने चिठ्ठी डॉक्टरांसमोर ठेवली. ते म्हणाले, "तुम्हाला नको असेल तर काढून टाकू." जी तपासणी इतकी जरुरीची होती, ती दोन मिनिटांत बिलातून गेली.

अल्लाह तिची गोद भरो. पण बहिणींनो, दुआ मागताना हात वर करा आणि सही करताना हात आखडा. कागद तुमच्या भाषेत वाचून घ्या. तो तुमचा हक्क आहे.