मुकुंदवाडीत समुद्र आणायचा म्हणजे

दिवाळीचा बोनस हातात पडला की घरोघरी बेत सुरू होतात. कुणाला फ्रीज घ्यायचा असतो, कुणाला बहिणीच्या लग्नाचं देणं फेडायचं असतं. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका मुलाचा बेत ऐकून मात्र आम्ही चाटच पडलो. मुलगा चिकलठाणा एमआयडीसीत शिफ्टवर जातो. गेली चार वर्षं घरात गप्पी आणि गोल्डफिश पाळतो, आणि नीट पाळतो. एका रविवारी वही घेऊन आला आणि म्हणाला, "काका, आता समुद्राच्या पाण्याचा टँक करायचाय. प्रवाळवाला. मासे तेच, सिनेमातले केशरी-पांढरे."

त्याच्या मागोमाग त्याची आईही आली. ती दारातूनच म्हणाली, "भाऊ, तुम्ही तरी समजावा याला. मासे ठेव म्हणावं, माझी ना नाही. पण पाणी कुठून आणतो ते आधी सांग म्हणावं."

वाचकहो, या माउलीने एका वाक्यात सगळा विषय सांगून टाकला. छत्रपती संभाजीनगरचं पाणी पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणच्या नाथसागरातून येतं. गेली कित्येक वर्षं नळाची पाळी कधी पाच दिवसांनी, कधी आठ दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा, असाच हिशेब घराघरातल्या बायकांनी डोक्यात ठेवला आहे. पाणी सुटलं की शिफ्ट बुडवून ड्रम भरणारी घरं आमच्याच गल्लीत आहेत. तिथे हा पोरगा साडेतीनशे किलोमीटरवरचा समुद्र आणायला निघाला होता.

तरीही आम्ही त्याला वेड्यात काढलं नाही. कष्टकऱ्याच्या पोराने असला शौक का करू नये, हे आम्हाला कुणी पटवून दिलेलं नाही. आपल्यातल्या पुष्कळांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सहा डिसेंबरला, दादरच्या चौपाटीवर, डोळ्यात झोप आणि हातात पिशवी असताना. समुद्राच्या आत काय असतं ते पाहायचं तर मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय होतं. १९५१ साली ते सुरू झालं आणि मुंबईत पाहुण्यांकडे गेलेल्या मुलांना तिथे हमखास नेलं जाई. घरच्या काचेत तो समुद्र पाहावा असं कुणाला वाटलं, तर त्यात हसण्यासारखं काही नाही. पण आधी बसून हिशेब करायचा. तोच आम्ही त्या रविवारी केला.

मुलाचा पहिला विचार असा होता : दादरला जाणारी मंडळी परतताना दोन-दोन कॅन समुद्राचं पाणी आणतील. आईने कपाळावर हात मारला. आम्ही त्याला सांगितलं, बाबा, दादरच्या जवळच माहीमच्या खाडीत मिठी नदी पडते आणि शहराची घाण घेऊनच पडते. ते पाणी टँकमध्ये घालायच्या लायकीचं नाही. समुद्र घरीच तयार करायचा असतो. शुद्ध पाण्यात बाजारात मिळणारं खास समुद्री मीठ विरघळवायचं, लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम. आपलं जेवणातलं मीठ इथे चालत नाही. ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं पुष्कळ काही असतं, आणि प्रवाळ आपला सांगाडा त्यातल्या कॅल्शियमवरच बांधतं. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं यंत्र मिळतं. त्यात पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास आली पाहिजे.

मग वहीत आकडे मांडले. टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे पावणेसात घनफूट. घनफुटाला सुमारे अठ्ठावीस लिटर धरले, तर एकशेनव्वद लिटर. मीठ साडेसहा-सात किलो. हे पाणी सरळ नळाचं चालत नाही, बोअरचं किंवा टँकरचं तर मुळीच नाही. आपल्या काळ्या दगडातलं बोअरचं पाणी किती जड, ते बादलीच्या कडेला बसणारा पांढरा थर सांगतो. पाणी आरओमधून काढावं लागतं. पिण्याच्या आरओवरही भागत नाही. त्यापुढे डीआय रेझिनची नळी जोडायची आणि टीडीएस शून्यावर आणायचा. आणि घरगुती आरओ एक लिटर चांगलं पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. एकशेनव्वद लिटरसाठी आत सोडायचे सातशेसाठ लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे जवळजवळ चार ड्रम.

"हे एकदाच ना?" आईने विचारलं.

एकदाच नाही. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, ते एकोणीस लिटर. शिवाय पाणी उडतं. उन्हाळ्यात टँकवर पंखा लावला तर रोज तीन-चार लिटर सहज जातं. इथे नवशिके हमखास चुकतात. पाणी उडतं, मीठ उडत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी घातलं तर टँक दिवसेंदिवस खारट होत जातो. म्हणून रोजची भर गोड्या शुद्ध पाण्याचीच. दोन्ही मिळून आठवड्याला पंचेचाळीसेक लिटर शुद्ध पाणी, म्हणजे आरओत सोडायला एकशेऐंशी लिटर. आठवड्याला जवळपास एक ड्रम!

आई गप्प झाली. आम्हीच मग म्हणालो, आरओचं बाहेर पडणारं पाणी खारं नसतं, नुसतं जड असतं. फरशीला, संडासाला, कपड्यांच्या पहिल्या पाण्याला ते चालतं. नीट साठवलं तर खरं नुकसान फार कमी. पण साठवायलाही ड्रमच लागतो, आणि तो उचलणार कोण, हा प्रश्न घरात आधी सुटला पाहिजे. आमच्या अनुभवाने सांगतो, शौक पोरांचा असतो आणि बादल्या आईच्या असतात.

मुलाला पावसाच्या पाण्याचीही कल्पना सुचली होती. ती वाईट नाही, पण आपल्या घरांवर पत्रे आहेत. पत्र्यावरचं जस्त पाण्यात उतरतं. तांबं त्याहून घातक. मासा एखादवेळी तगेल, पण प्रवाळ, कोळंबी, शंख यांना या धातूंचा अंशही सोसत नाही. म्हणून तांब्या-पितळेचं भांडंसुद्धा या पाण्याला लावायचं नाही.

आता वजन. एकशेनव्वद लिटर म्हणजे एकशेनव्वद किलो, त्यावर काच, वाळू, दगड. अडीचशे किलोच्या घरात जातं. हे टीव्हीच्या शोकेसवर ठेवायचं काम नाही. खालच्या मजल्यावर, भिंतीलगत, लोखंडी अँगलच्या स्टँडवर. उन्हाची तिरीप येणार नाही अशी जागा.

विजेचं गणितही सांगितलं पाहिजे, कारण दुकानात ते कुणी सांगत नाही. पाणी फिरवणारे पंप चोवीस तास चालतात. पन्नास वॉट धरले तरी महिन्याला छत्तीस युनिट. दिवा शंभर वॉटचा, आठ तास, म्हणजे चोवीस युनिट. हे झाले साठ. टँकचं पाणी चोवीस ते सत्तावीस अंशांत ठेवायचं असतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिसावर जातो, पत्र्याखाली तर विचारूच नका. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात. त्यापुढे चिलर लागतो. तो दोनशे वॉटचा, रोज दहा तास चालला तर आणखी साठ युनिट. ज्या घराचं बिल आज ऐंशी युनिटांचं आहे, ते दोनशेवर गेलं. शंभर युनिटांपुढचा दर वेगळा असतो हे आपल्याला माहीत आहेच. टँक, मीठ, मासे यांचा खर्च एकदा टोचतो. हे बिल दर महिन्याला येतं.

चिलरशिवाय काय होईल? प्रवाळ हा दगड दिसतो, पण तो प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला खाऊ घालतं. पाणी तापलं की प्रवाळ या शेवाळाला बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि उपासमारीने मरू शकतं. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच झालं. २०२४ मध्ये तर शास्त्रज्ञांनी जगभर पुन्हा तशी लाट आल्याचं जाहीर केलं. जे अथांग समुद्राला पेलत नाही, ते मे महिन्यात मुकुंदवाडीच्या पत्र्याखाली कसं पेलणार?

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी आम्ही हे लिहायला घेतलं. मुलाच्या वहीत शेवटी लिहिलं होतं : "प्रवाळ – दुकानदार आणून देतो म्हणाला." आम्ही तिथेच त्याचा हात धरला. २००१ सालापासून आपल्या देशात दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखा आणि समुद्री घोडासुद्धा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. ते समुद्रातून काढणं, विकणं, घरात बाळगणं गुन्हा आहे. मेलेला, वाळलेला तुकडाही त्यातच येतो. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात. दंड वेगळा. परदेशातून आलेलं दगडी प्रवाळही आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहे, आणि कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती लागू झाल्यापासून अशा यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला सरकारदरबारी नोंद करावी लागते. "सगळेच ठेवतात" हे दुकानदाराचं वाक्य. पण माल सापडतो तो आपल्या घरात. बड्या बंगल्यातला माणूस वकील लावून सुटेल. शिफ्टवर जाणाऱ्या पोराची नोकरी पहिल्याच तारखेला जाते. विना पावती काही घ्यायचं नाही, एवढं आम्ही त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

मुलाचा चेहरा उतरला. म्हणाला, "मग प्रवाळ बघायचंच नाही का आपण?" बघायचं की! आपल्याच महाराष्ट्रात आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहे. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. आणि विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर, भर समुद्रात पाण्याखाली, आंग्रिया बँक नावाचं प्रवाळाचं पठार आहे. नाव कान्होजी आंग्र्यांचं. तिथे काही आपण जात नाही, पण मालवणला एसटी जाते. चिलरच्या पैशात सारं घर जाऊन येईल, असं आम्ही म्हणालो तेव्हा आईच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं.

माशांची गोष्ट वेगळी. केशरी-पांढरा क्लाउन मासा आता समुद्रातून ओरबाडावा लागत नाही. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विझिंजमला त्याची पैदास करण्याचं तंत्र बसवलं आहे. पैदास केलेला मासा काचेत जन्मलेला असतो, काचेत तगतो. समुद्रातून धरलेल्याचं तसं नाही. काही देशांत तर असे मासे सायनाइड मारून गुंगवून धरतात, आणि ते बिचारे घरी आल्यावर चार दिवसांत जातात.

शेवटी ठरलं ते असं. यंदा प्रवाळ नाही, चिलर नाही. टँक तोच, पण त्यात भाजलेल्या सिरॅमिकचे दगड, वाळू आणि पैदाशीच्या क्लाउन माशांची एक जोडी. नुसते मासे थोडी जास्त उष्णता सोसतात, पंख्यावर भागेल. वीज गेली तर हवेसाठी बॅटरीवरचा छोटा पंप, कारण गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

मासे मात्र लगेच आणायचे नाहीत. इथे आमचाच एक जुना गुन्हा कबूल करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही गोड्या पाण्याचा एक टँक ठेवला होता. नळ आल्याच्या आनंदात सगळं पाणी काढलं, दगड घासून लख्ख केले, नळाचं ताजं पाणी भरलं. सकाळी सातही मासे उताणे. क्लोरीनने काही मारले असतील, पण मोठी चूक घासण्याची होती. दगडांवर जिवाणू राहतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो, तो विषारी. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते मासे बऱ्यापैकी सोसतात, आणि पाणी बदललं की ते कमी होतं. हे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टँकमध्ये माशांच्या खाण्याची चिमूट टाकायची, ती कुजून अमोनिया होऊ द्यायचा आणि टेस्ट किटने मोजत राहायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाल्याशिवाय मासा नाही.

टँक आता भरला आहे. आईने ड्रमवर खडूने खूण केली आहे, एक ड्रम पोराचा. अट एकच : नळ आठ दिवसांपुढे गेला तर तो ड्रमही स्वयंपाकघराचा. मुलाने ती वहीत लिहून खाली सही केली. रोज शेजारची पोरं येऊन काचेला नाक लावतात आणि विचारतात, यात मासे कुठे आहेत? मुलगा त्यांना वही दाखवतो. परवाचा नायट्राइटचा आकडा अजून खाली आलेला नव्हता.