विकली गेलेली मुलगी घुसखोर नव्हे

घुसखोरीच्या प्रश्नावर ज्यांनी वर्षानुवर्षे कंठशोष केला, त्यांनीच आता हे स्पष्टपणे सांगावयास हवे. खोटी कागदपत्रे करून बस्तान बसविणारा घुसखोर आणि दलालाने फसवून सीमेपार आणलेली बांगलादेशी मुलगी या दोघांना एकाच मापाने मोजणे हा राष्ट्रवाद नव्हे, निव्वळ बौद्धिक आळस आहे.

बुलढाण्याचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. हावड्याहून मुंबईला जाणारा लोहमार्ग शेगाव, जलंब, नांदुरा, मलकापूर असाच जातो. मुंबई-पुण्याच्या कुंटणखान्यांसाठी पूर्वेकडून आणल्या जाणाऱ्या मुलींची वाट नेमकी आपलेच फलाट चुकविते, असे मानण्यास आधार काय?

१९९८ साली हावडा स्थानकाच्या यात्री निवासात एका बांगलादेशी महिलेवर सामूहिक बलात्कार झाला. ती परदेशी आहे, तिला भरपाई कशी मागता येईल, असा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तो फेटाळला, १० लाख रुपयांची भरपाई कायम केली आणि घटनेच्या २१व्या कलमाचे संरक्षण परकीयांनाही आहे, असा निर्वाळा दिला. पुढे मे २०१२ मध्ये केंद्रीय गृहखात्याने राज्यांना कळविले की, जी परदेशी स्त्री स्वेच्छेने आलेली नाही असे तपासात दिसेल, तिच्यावर आरोपपत्र ठेवू नये. १९४६चा विदेशी नागरिक कायदा जाऊन २०२५चा नवा कायदा आला, तरी या सूचनेमागील विवेक कालबाह्य झालेला नाही. पीडितेलाच कोठडीत टाकले, तर दलालाविरुद्ध साक्ष कोण देणार? दलालाला याहून अधिक सोयीचे काय असेल?

बलात्कारपीडितेवर तत्काळ विनामूल्य उपचार करणे सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९७व्या कलमात नागरिकत्वाची अट नाही. क्षयाचे जंतूही आधार कार्ड पाहून पसरत नाहीत! अटकेच्या भयाने जी रुग्णालयाची पायरी चढत नाही, तिचा आजार गावातच राहतो.

सीमाच पुसून टाका म्हणणारे मानवाधिकारवाले आहेत, हे खरे. म्हणून माणुसकीचा मक्ता त्यांच्याकडे सोपवावा काय? सिंदखेडराजाच्या जिजाऊंच्या पुत्राने रांझ्याच्या प्रकरणात हातपाय तोडले ते बदअंमल करणाऱ्या पाटलाचे. जिच्यावर अत्याचार झाला, तिला दंड केला नाही.

या मुलींना परत पाठवायचे आहेच. त्यांतील बहुतेकींना घरीच जायचे असते. मानवी तस्करी रोखण्यासाठी भारत-बांगलादेश सामंजस्य करार जून २०१५ मध्ये झाला. तरीही पत्त्याची पडताळणी रखडते आणि मुली निवारागृहांत दिवस मोजीत राहतात. ती जाण्यापूर्वी तिची साक्ष नोंदवून घेण्याचा आग्रह आपल्या वकील बंधूंनी धरला पाहिजे.

मलकापूर-शेगावच्या कार्यकर्त्यांनी असे प्रकरण दिसताच ११२ किंवा १८१ क्रमांकावर कळवावे, तिला सखी केंद्रापर्यंत पोहोचवावे आणि एका भगिनीने तपासणी संपेपर्यंत तिच्याजवळ थांबावे. भाषेची अडचणही मोठी नाही. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली हिंदू निर्वासितांच्या वसाहती चंद्रपूर-गडचिरोलीत आहेत. तेथील एखादी आजी दूरध्वनीवरून त्या मुलीशी तिच्या मातृभाषेत बोलू शकेल.